महाराजांची जांभई आणि थोरलीचं ऊन

एका जंगलात सकाळ व्हायची ती सूर्य उगवला म्हणून नव्हे, तर महाराजांनी जांभई दिली म्हणून.

हसू नका, बाळांनो. आधी ऐका, मग हसा. हसायला जागा पुष्कळ आहेत.

त्या जंगलाचं नाव चिंचरान. ते होतं खोलगट दरीत, त्यामुळे ऊन तिथे मुळातच सावकाश उतरायचं. पण ऊन उतरलं म्हणून कुणी सकाळ धरत नसे. राज्यावर होते आयाळराव महाराज. जातीने सिंह, स्वभावाने गरीब, झोपेला पक्के. ते गुहेतून बाहेर येत, पाय ताणत, आणि कानापर्यंत तोंड फाकवून जांभई देत. गुहेवरच्या फांदीवर कोतवाल बसलेला असे. कोतवाल म्हणजे पोलीस नव्हे हो, काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. जांभई पुरी झाली की तो ओरडायचा, "सकाळ झाली."

तोवर चिंचरानात कालचाच दिवस चालू असे. हरणं चरत असली तर ती काल चरत होती. माकडिणीला सूर्योदयाला पिल्लू झालं, तर त्याचा जन्म आदल्या दिवशीचा लागायचा. याचा कुणाला त्रास नव्हता. अख्खं रान एकदमच उशिरा उठत असेल, तर उशीर झालाय हे सांगणार कोण?

सांगणारी एक होती. ती म्हणजे गोदाक्का.

गोदाक्का पाणमांजर. चिंचरानातल्या मोठ्या डोहात तिचं बिऱ्हाड. नवरा वरच्या ओढ्यात मासे चांगले म्हणून गेला होता. मासे चांगलेच निघाले असावेत, कारण तो परत आला नव्हता. पदरात तीन पिल्लं. पोहायला पटाईत, त्यामुळे दोन्ही काठांवर तिची ये-जा. आणि दुसऱ्या काठावर वेगळंच राज्य होतं.

नदीपलीकडे उंच माळावर बोरराई. तिथे हत्तींचा कळप, आणि कळपाची मुख्य एक वयस्क हत्तीण. तिला सगळे थोरली म्हणत. माळ उंच, त्यामुळे सूर्याचं पहिलं ऊन तिच्याच कपाळावर पडायचं. पडलं की दिवस सुरू. थोरलीचा असा ठाम समज होता की जगात सगळीकडे ऊन तेव्हाच पडतं, आणि ज्यांच्याकडे पडत नाही ते डोळे मिटून बसलेले असतात.

आता मुद्द्याचं. बोरराईच्या हद्दीत ओढ्याच्या तोंडावर एक प्रचंड धोंड होती. उन्हाळ्यात हत्ती ती धोंड बाजूला ढकलत, की पाणी पाटाने चिंचरानच्या डोहात येई. पण त्याआधी रिवाज पाळावा लागे. नदीच्या मधोमध एक बेट होतं, बेटावर एक उंबर. उंबराखाली दोन्ही राज्यांचे प्रमुख भेटत. ताज्या ओल्या चिखलात सिंहाने पंजा उमटवायचा, हत्तिणीने पाय. दोन्ही ठसे एकाच ओल्या चिखलात हवेत. एक वाळला आणि दुसरा ओला, तर तो करार नव्हे, नुसती घाण.

हत्ती बेटावर सूर्याबरोबर येत आणि ऊन उंबराच्या बुंध्याला टेकलं की निघत. एक पाऊल मागेपुढे नाही. आधीच्या महाराजांच्या काळात यात कधी अडचण आली नाही. त्यांना सांधेदुखी होती. ते पहाटेच कण्हत उठायचे, कण्हता कण्हता जांभई द्यायचे, आणि दोन्हीकडची सकाळ आपोआप जुळायची. लोक म्हणत, काय हा वक्तशीर राजा. खरं श्रेय गुडघ्यांचं होतं.

आयाळरावांचे गुडघे तरुण होते.

त्या वर्षी उन्हाळा लवकर तापला. डोहाचं पाणी गोदाक्काच्या खांद्यापर्यंत होतं, ते पोटापर्यंत आलं. मासे एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभे राहू लागले. पिल्लांचं पोहायला शिकायचं वय होतं आणि ती चिखलात लोळायला शिकत होती. धाकटी तर पाण्याला भ्यायला लागली. पाणमांजराची पोर पाण्याला भिते, हे आईच्या काळजाला कसं झोंबत असेल ते तुम्हीच बघा.

काटेपंतांनी, म्हणजे चिंचरानच्या साळिंदर दिवाणांनी, थोरलीला पळसाच्या पानावर निरोप धाडला. परवा सकाळी बेटावर भेटू. थोरलीचं उत्तर आलं, परवा सकाळी, ठीक. दोघांनीही "सकाळ" लिहिलं, दोघांनाही ते कळलं, आणि दोघांनीही कसली सकाळ ते विचारलं नाही. विचारणं म्हणजे आपल्याला सकाळ कळत नाही असं कबूल करणं. ते दिवाणाला कसं शोभेल?

परवा उजाडलं. थोरली बेटावर आली, थांबली, ऊन उंबराच्या बुंध्याला टेकलं तसा रीतीप्रमाणे चिखलात पाय उमटवून निघून गेली. महाराज पोहोचले तेव्हा सूर्य डोक्यावर होता आणि थोरलीचा ठसा भाकरीसारखा कडक झाला होता. महाराजांना वाईट वाटलं. काटेपंतांना त्याहून वाईट वाटलं, कारण राजाच्या आधी ठसा उमटवणं हा राजाचा अपमान आहे हे त्यांना त्याच क्षणी सुचलं. त्यांनी निषेधाचं पान पाठवलं. थोरलीने ते खाल्लं. पळस तिला आवडायचा.

मग गोदाक्का काटेपंतांकडे गेली. दोन्ही काठांची सकाळ वेगळी आहे हे तिने नीट समजावून सांगितलं. काटेपंतांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, विषय गहन आहे, तज्ज्ञांकडे द्यावा लागेल.

तज्ज्ञ होते लोंबकळेशास्त्री. वटवाघूळ. वेळ या विषयात त्यांचा हात धरणारं चिंचरानात कुणी नव्हतं, कारण दिवस त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. जी गोष्ट पाहिली नाही तिच्याबद्दल मन स्वच्छ असतं, असं ते म्हणत. फांदीला उलटे टांगून त्यांनी चार दिवस हिशेब केला. चार दिवसांत डोहाचं पाणी आणखी बोटभर उतरलं. शेवटी कोष्टक आलं. बोरराईची सकाळ अधिक दोन प्रहर बरोबर चिंचरानची सकाळ. तेव्हा हत्तींनी भर दुपारी यावं.

गोदाक्का म्हणाली, "शास्त्रीबुवा, दोन प्रहर रोज नसतात. महाराज नीलगाय खाऊन झोपले तर अडीच, ससा खाऊन झोपले तर सव्वा."

"ते आहारशास्त्रात येतं," लोंबकळेशास्त्री म्हणाले. "माझा विषय नाही तो."

कोष्टक घेऊन गोदाक्का पोहत बोरराईला गेली. दुपारी यायचं म्हटल्यावर थोरलीने कान हलवायचे थांबवले. हत्तीने कान हलवायचे थांबवले की समजावं, प्रकरण गंभीर आहे. पण गोदाक्काने पिल्लांचं सांगितलं. थोरलीही आई होती, आजी होती, तिच्या आजीपणाची मोजदाद कळपाने केव्हाच सोडून दिली होती. ती तयार झाली.

आणि नेमक्या भेटीच्या दिवशी, पहाटे पहाटे, महाराजांच्या कानात मुंगळा शिरला.

महाराज उठले. मान झटकली. जांभई आली. कोतवालाने आपलं काम केलं. उजाडायच्या आत चिंचरानात सकाळ झाली, रानाची धांदल उडाली, आणि महाराज दरबारासह बेटावर हजर. तिथे कुणी नाही. महाराज म्हणाले, बघा, आम्ही वेळेत आलो की नाही. घटकाभर थांबून सगळे अभिमानाने परतले. दुपारी हत्ती आले. ऊन असं की वाळू फुटावी. कळपातलं लहान पिल्लू भोवळ येऊन नदीच्या चिखलात बसलं, त्याला दोन हत्तिणींनी सोंडेने उचलून नेलं.

गोदाक्का थोरलीपुढे गेली ती मान खाली घालूनच.

थोरली ओरडली नाही. म्हणाली, "बाई गं, तुझ्यावर राग नाही माझा. पण आमच्याकडे उजाडायला कुणाची परवानगी लागत नाही. परवा आम्ही डोंगरात निघणार, पावसाळ्याशिवाय परत नाही. परवा सूर्याबरोबर मी बेटावर आहे. ऊन बुंध्याला टेकेपर्यंत. पुढे माझा इलाज नाही."

म्हणजे परवा. परवा नाही जमलं तर धोंड पावसापर्यंत जागची हलणार नाही, आणि डोह पावसापर्यंत टिकणार नाही.

चिंचरानात तातडीची सभा भरली. काटेपंतांनी प्रास्ताविक केलं, ते लांबलं. एका वानराने सूचना मांडली की सूर्यालाच पत्र लिहावं, दोन प्रहर थांबून उगवायला काय हरकत आहे. दुसरा म्हणाला, पत्र कशाला, सरळ ताकीद द्या. एका म्हाताऱ्या रेड्याने भाषण केलं की आपली वेळ हा आपला मान आहे, हत्तीच्या वेळेला उठणं म्हणजे हत्तीपुढे मान तुकवणं. टाळ्या पडल्या. हत्ती ऐकायला नव्हते म्हणून जरा जास्तच पडल्या.

गोदाक्का मागे बसली होती. अंग कोरडं पडून खाजत होतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "एक दिवस. महाराजांनी फक्त एक दिवस लवकर उठावं."

सभा गप्प झाली. अशी गप्प की लोंबकळेशास्त्री जागे झाले. राजाने कधी उठावं हे आजवर कुणी बोललं नव्हतं.

पण आयाळराव मनाने चांगले होते हे मी आधीच सांगितलंय. त्यांना ती तीन पिल्लं आठवली. ते सद्गदित होऊन म्हणाले, "लवकर उठण्याचा भरवसा मी देत नाही, आक्का. झोपेपुढे माझं चालत नाही. पण शब्द देतो, भेटीच्या आदल्या रात्री मी झोपणारच नाही."

सभेत डोळे पुसले गेले. असा त्यागी राजा कुठे मिळायचा? गोदाक्काही निर्धास्त झाली. काही चुकतंय असं तिच्या मनात आलंही नाही. ती कितीही शहाणी असली तरी शेवटी चिंचरानचीच.

तुमच्या लक्षात आलं का? नाही ना? तुम्हीसुद्धा चिंचरानचेच.

ठरलेल्या दिवशी पूर्वेला तांबडं फुटायच्या आत गोदाक्का गुहेपाशी पोहोचली. महाराज टक्क जागे होते. डोळे लाल, आयाळ विंचरलेली, पंजे धुतलेले. दरबार रांगेत उभा. पण कुणी हलत नव्हतं.

"चला की," गोदाक्का म्हणाली.

काटेपंत म्हणाले, "जायचं ते उद्या."

"उद्या कसलं? आजच तो दिवस."

"आज अजून लागलेला नाही." काटेपंतांनी काटे जरासे फुलवले. "महाराज उठले की सकाळ होते. महाराज झोपलेच नाहीत, तर उठतील कसे? उठले नाहीत, तर जांभई कुठली? जांभई नाही म्हणजे कोतवाल बोलणार नाही. भेट उद्याची आहे, आक्का. कालच्या दिवशी उद्याच्या भेटीला जायची पद्धत नाही आपल्यात."

गोदाक्काने कोतवालाकडे पाहिलं. कोतवालाने खांदे उडवले. तीन पिढ्या त्याचं घराणं जांभईवर ओरडत होतं, जांभईशिवाय ओरडायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"मग महाराज, एक जांभई द्या ना."

महाराजांनी तोंड उघडलं. नुसतंच उघडलं. आत दात होते, जांभई नव्हती. "येत नाही गं," ते केविलवाणे होऊन म्हणाले. "भेटीची काळजी लागलीय ना. काळजीत मला जांभई येत नाही."

मग महाराजांना झोपवण्याची धावपळ उडाली. अस्वलाने अंगाई म्हटली, ती ऐकून दोन ससे बेशुद्ध पडले, महाराज मात्र जागेच. माकडांनी पाय चेपले, तर महाराजांना गुदगुल्या झाल्या. पलीकडे माळावर ऊन पडलेलं दिसत होतं, आणि बेटावर एक मोठी राखाडी सावली येऊन उभी राहिली होती.

मग गोदाक्काला सुचलं. ती म्हणाली, "शास्त्रीबुवांना त्यांचा अहवाल वाचायला सांगा."

लोंबकळेशास्त्री खूष. त्यांनी वाचायला घेतलं. प्रस्तावना, व्याख्या, व्याख्यांमागची भूमिका. "प्रहर म्हणजे काय, याविषयी मतभेद आहेत" इथपर्यंत ते आले, आणि महाराजांची मान पंजांवर पडली. काटेपंतांचीही पडली. रेडा उभ्याउभ्या घोरू लागला.

आता उठवायचं. पण उठवणार कोण? राजाची झोपमोड हा गुन्हा, आणि झोपलेल्या राजाच्या जवळ जायची कुणाला परवानगी नाही. काटेपंत जागे असते तर त्यांनी हे सगळं कलमासकट सांगितलं असतं. सुदैवाने ते झोपले होते.

गोदाक्का डोहाकडे धावली. उरलेल्या गढूळ पाण्यात तिने अंग बुडवलं, धावत परत आली, महाराजांच्या नाकासमोर उभी राहिली, आणि पाणमांजर जसं अंग झटकतं तसं शेपटीच्या टोकापर्यंत झटकलं.

महाराज दचकून उठले. पाहिलं इकडे तिकडे. आणि मग, कानापर्यंत तोंड फाकवून, त्यांना ती आली.

"सकाळ झाली," कोतवाल ओरडला.

महाराज धावले. राजाला धावताना चिंचरानने कधी पाहिलं नव्हतं, म्हणून अख्खं रान मागे धावलं. नदीला महाराजांच्या गुडघाभरच पाणी उरलं होतं. बेटावर चढले तेव्हा ऊन उंबराच्या बुंध्याखाली उतरून मुळांवर पसरलं होतं, आणि थोरली वळली होती. तिची पाठ दिसत होती. हत्तिणीची पाठ म्हणजे दार बंद झाल्यासारखी असते.

"वेळ टळली," थोरली मागे न पाहता म्हणाली.

"मुळीच नाही," धापा टाकत काटेपंत म्हणाले. "आमच्याकडे आत्ता कुठे सकाळ झालीय. आम्ही वेळेच्या आधी आहोत. उलट तुम्हीच निघायची घाई करताय."

थोरली वळली, पण ठसा उमटवायला नव्हे. भांडणाला तोंड फुटणार हे गोदाक्काला दिसलं. ती दोघांच्या मधे गेली. एका बाजूला सिंह, एका बाजूला हत्तीण, मधे हातभर पाणमांजर, तेही अर्धवट वाळलेलं.

"बाई, तुमची वेळ माळावर," ती म्हणाली. "महाराज, तुमची वेळ दरीत. दोन्ही खऱ्या. पण हे बेट कुणाचं? तुमचंही नाही, यांचंही नाही. मग इथे तुमची वेळ कशी चालेल, आणि यांची तरी कशी? इथे सकाळही नाही आणि उशीरही नाही. इथे फक्त आत्ता आहे. चिखल ओला आहे आणि दोघं समोर आहात. पाय टेकवा."

थोरलीने कान हलवायचे थांबवले. महाराजांनी काटेपंतांकडे पाहिलं, काटेपंतांनी शास्त्र्यांकडे पाहिलं, शास्त्री उजेडामुळे मागेच राहिले होते. विचारायला कुणी उरलं नाही. मग थोरलीने पाय टेकवला. महाराजांनी पंजा टेकवला. चिखल दोन्हीकडून पचकन हलला.

दुपारपर्यंत धोंड सरकली. पाटाने पाणी धावलं. डोह भरला, असा भरला की काठावरच्या लव्हाळ्याची नुसती टोकं दिसत होती.

आता गोष्ट संपायला हवी. पण राज्यकारभार चालू असला की गोष्ट इतक्यात संपत नाही.

दुसऱ्या दिवशी दरबारात सत्कार झाला. लोंबकळेशास्त्र्यांचा. त्यांच्या अहवालामुळे महाराजांना वेळेवर झोप लागली, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यांना कालभूषण ही पदवी मिळाली. ती त्यांनी उलटी वाचली.

मग महाराजांनी गोदाक्काला बोलावलं आणि प्रेमाने म्हणाले, "आक्का, बेटाची वेळ तुला कळते, आणखी कुणालाच कळत नाही. थोरलीचाही निरोप आलाय, डोंगरात चढता चढता धाडलाय, की यापुढे बोलणी करू ती फक्त बेटाच्या वेळेने. तेव्हा ती वेळ सांभाळायला कुणीतरी हवं."

"कशी सांभाळायची, महाराज?"

काटेपंतांनी पान उघडून वाचलं. बेटावर उंबराजवळ जो खडक आहे, त्यावर गोदाक्काने बसायचं. कुणी काठावरून विचारलं, किती वाजले, तर सांगायचं, आत्ता. खडक सोडायचा नाही. ती उठली तर बेटावर वेळच उरणार नाही, आणि वेळ नसली तर ओल्या चिखलातला करार रद्द, करार रद्द तर धोंड जागेवर.

गोदाक्काने एकदा डोहाकडे पाहिलं. मग ती पोहत बेटावर गेली आणि खडकावर बसली.

तिथून डोह स्वच्छ दिसतो. सगळ्यात धाकटी पहिल्यांदा बुडी मारून वर आली, ते तिने तिथूनच पाहिलं. धाकटी नाकातोंडातलं पाणी झटकत बेटाकडे बघून विचारत होती की आई, तू घरी कधी येणार.

गोदाक्काला नेमून दिलेलं एकच उत्तर होतं. ती म्हणाली, "आत्ता."

पोर काठावर येऊन वाट बघत बसली.

तात्पर्य: बाळांनो, शेजाऱ्याच्या मुलखात किती वाजलेत हे समजून घेण्याच्या भानगडीत कधी पडू नका. ज्यांना ते कळत नाही त्यांना पाणी मिळतं, पदव्या मिळतात आणि वर झोपही पुरेशी होते. ज्याला कळतं, त्याला बसायला खडक देतात. कळलंच चुकून, तर सभेत मागच्या रांगेत बसा आणि लोकांबरोबर जांभई द्या.